मदत हवी आहे: नागपूरहून ठाण्याला लग्नाला येतोय, बाबांना खाडीचं कांदळवन दाखवायचं आहे

नमस्कार मंडळी,

माघ शुद्ध दशमीला मावसबहिणीच्या मुलीचं लग्न ठाण्यात आहे. विदर्भ एक्स्प्रेसची तिकिटं झालीत, परतीचं पौर्णिमेचं आहे. मधले दिवस मोकळे. बाकीचे सिद्धिविनायक, राणीची बाग असं काही काही ठरवून राहिले. बाबांचं एकच चालू आहे, "मला ते खाऱ्या पाण्यातलं जंगल दाखव."

बाबा वनपाल म्हणून रिटायर झाले. नोकरीची बहुतेक वर्षं पेंचकडच्या जंगलात गेली. साग, ऐन, बिजा, मोहा यांची पानं बघून ते महिना सांगतात, पण कांदळवनातलं तिवराचं झाड त्यांनी फक्त फोटोत पाहिलंय. लोणार २०२० मध्ये रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या) गेलं तेव्हा आम्ही तिथं जाऊन आलो होतो. २०२२ मध्ये ठाणे खाडीचं नाव आलं, तेव्हापासून ही मागणी आहे.

मी शोधलं ते असं: ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र जवळपास १७ चौरस किलोमीटर, त्यातलं अर्ध्याहून थोडं जास्त कांदळवन आणि बाकी पाणी. ऐरोलीला वनविभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, बोटी तिथूनच सुटतात. इथवर समजलं. पण आमच्याकडं सफारी म्हणजे पहाटे गेट उघडलं की जिप्सी आत. इथं बोटीची वेळ रोज वेगळी, ती भरतीवर ठरते म्हणे. मग दिवस निवडायचा कसा? आम्हा नागपूरकरांना भरती काय कळणार!

दुसरं, बाबांचे गुडघे. बोटीत उतरणं जमेल का? आणि बोट नाहीच मिळाली तर नुसतं पायी बघण्यासारखं आहे का? पक्षी दिसले तर उत्तमच, पण त्यांना खरी ओढ झाडांची. चिखलात रोप तगतं कसं, हे त्यांनी मला इतक्यांदा विचारलंय की आता मलाच जाणून घ्यायचंय.

कृपया घारापुरी सुचवू नका, ते झालंय.

प्रतिसाद, विक्रोळीकर:
आमच्याकडचं गोदरेजचं कांदळवनही सुंदर आहे, पण ते खाजगी देखरेखीखाली आहे, आधी परवानगी घ्यावी लागते. लग्नाच्या गडबडीत तुम्हाला ऐरोलीच बरं. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) माघात असतातच, काळजी नको.

प्रतिसाद, खाडीकाठी:
दादा, बाबा पंचांग बघत असतील तर अर्धं काम झालं. आमच्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. खाडीत आत पाणी थोडं उशिरा चढतं. तेव्हा द्वादशी किंवा त्रयोदशी तुम्हाला सोयीची, सकाळी ऊनही कमी. हा फक्त अंदाज. बोटीचं बुकिंग ऑनलाइन आहे, त्या दिवसाची नक्की वेळ तिथेच बघा आणि शनिवार-रविवार टाळा.

गंमत अशी की पूर्ण ओहोटीला बोट चिखलात रुतेल आणि पूर्ण भरतीला रोहित पक्ष्यांचा चिखलच बुडतो. ते चिखलावर चरतात, पाणी चढलं की नवी मुंबईतल्या पाणथळींकडे उडून जातात. म्हणून चढत्या किंवा उतरत्या पाण्यातली फेरी मिळाली तर बघा.

बोटीत पाय टाकताना हात द्यायला माणसं असतात, तरी गुडघ्यांचं आधी फोन करून सांगा.

आता झाडं. बोटीवरून उतरल्यावर लगेच निघू नका. पाणी ओसरू द्या आणि कांदळवनाच्या कडेनं फिरा. तिवराच्या भोवती चिखलातून बोटभर काड्या वर आलेल्या दिसतील, ती श्वसनमुळं. चिखलात प्राणवायू नाही म्हणून मुळं हवेत येतात. तिवराचं पान जिभेला लावून बघायला सांगा, खारट लागतं, जादा मीठ पानावाटे बाहेर टाकलेलं असतं. आणि चिखलात रोप कसं तगतं, याचं उत्तर कांदळ नावाच्या झाडाकडे आहे: बी झाडावरच रुजतं, शेवग्याच्या शेंगेसारखं लांब रोप लटकतं आणि तयार झालं की खाली चिखलात पडून उभं राहतं, नाहीतर पाण्याबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे मूळ धरतं. पांढरी चिप्पीही विचारा, २०२० पासून ती आपल्या राज्याची कांदळवन वृक्ष आहे. चिखलावर उड्या मारणारा मासा दिसला तर तो निवटी. वाघ नाही, पण कोल्हे आहेत, दिसतीलच असं नाही.

वास येणार आणि मुळांत प्लास्टिक अडकलेलं दिसणार. जुन्या वनपालांना ते खटकेल, मनाची तयारी करून आणा.

धागाकर्ता:
खूप आभार! बाबा कालनिर्णय घेऊन बसले, त्रयोदशीच पक्की केली. "तिथीवर चालणारं जंगल पहिल्यांदाच ऐकून राहिलो बाप्पा," म्हणे. पक्ष्यांच्या फेरीपेक्षा ओहोटीतलं फिरणं जास्त महत्त्वाचं, असा हुकूम सुटलाय. शेवटचं एक: ठाण्याहून ऐरोलीला लोकल बरी की रिक्षा?

प्रतिसाद, खाडीकाठी:
लोकल ठाण्याहूनच सुटते, बसायला मिळतं, पण स्टेशनात जिने चढावे लागतात. गुडघे असतील तर रिक्षा. वाटेत विटाव्याला कोंडी होते, तासभर आधी निघा. टोपी आणि डासांचं मलम बरोबर ठेवा. स्वेटर ठाण्यातच राहू द्या.