कंत्राटदार अर्धं घर सोडून गेला, वर अजून ३ लाख मागालाय. काय करू?

मलप्रभाकाठ: बेळगावच्या खानापूर तालुक्यात गावी घर बांधतोय. कंत्राटदाराने काम सोडून दोन महिने झाले. फोन उचलत नाही. उचललाच तर "आधी ३ लाख टाका, मग माणसं पाठवतो." आईबाबा गोठ्याशेजारी पत्र्याखाली राहतात, पाऊस तोंडावर आलाय. खानापूरचा पाऊस काय असतो ते सांगायला नको. पैसे परत कसे काढायचे? चांगला वकील सांगा, जरा लवकर.

निपाणीकर: किती ठरले, किती दिले, काम कुठवर आलंय? लिहून काही घेतलंय का?

मलप्रभाकाठ: जवळजवळ सगळे दिलेत. स्लॅब पडलाय, पण काम अर्धंसुद्धा नाही.

निपाणीकर: जवळजवळ म्हणजे? आकडा लिहा की साहेब.

कुंदा_स्पेशल: वकील कशाला? पोलिसात फसवणुकीची तक्रार टाका. स्टेशनातून एक फोन गेला की पळत येतो. माझ्या मेव्हण्याने हेच केलं.

टिळकवाडीचे_आजोबा: स्टेशनात "दिवाणी मामला आहे, कोर्टात जा" म्हणून परत पाठवतात. फसवणूक म्हणजे पहिल्यापासूनच बुडवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं. स्लॅब घालून दिलेल्या माणसाबद्दल ते कसं दाखवणार? मेव्हण्याला पैसे मिळाले का?

कुंदा_स्पेशल: थोडे मिळाले. बाकीचे येतील.

लाल_माती: स्लॅबवर किती दिवस पाणी साठवलं होतं? आमच्याकडे चारच दिवस साठवलं, पहिल्याच पावसात गळती. नंतर केमिकल मारून काही उपयोग नाही.

मलप्रभाकाठ: दादा, गळतीचं नंतर बघू. आकडे घ्या: मालासकट १९०० रुपये चौरस फूट, घर ११५० चौरस फूट. १७ लाख दिले, त्यातले १३ बँकेतून, ४ रोख. करार साध्या कागदावर, त्यात फक्त दर आणि दोघांच्या सह्या. स्लॅब आणि भिंती झाल्यात, आतला गिलावा दोन खोल्यांचा. बाहेरचा गिलावा, फरशी, वायरिंग, नळ काहीच नाही.

निपाणीकर: म्हणजे २१ लाख ८५ हजार होतात. ४ लाख ८५ हजार अजून तुमच्याकडेच आहेत. "जवळजवळ सगळे" कुठून आलं?

स्लॅबवाला: मी स्वतः कंत्राटं घेतो, म्हणून शिव्या खायच्या तयारीने विचारतो. मध्येच काही वाढवलंत का?

मलप्रभाकाठ: पोर्च, आणि जिन्यावर एक खोली. आईला देवघर वर हवं होतं. १६० फूट होईल. तेव्हा तो "करू की, बघू नंतर" म्हणाला होता.

स्लॅबवाला: १६० गुणिले १९०० करा. ३ लाख ४ हजार. तो हवेतला आकडा मागत नाही. "बघू नंतर" म्हणजे फुकट, असं मालक समजतो. "बघू नंतर" म्हणजे पूर्ण दराने, असं कंत्राटदार समजतो. आमच्या धंद्यातली निम्मी भांडणं इथलीच.

कुंदा_स्पेशल: आला बघा भावकीचा वकील. सगळे चोर एकाच माळेचे.

स्लॅबवाला: त्याने काम सोडलं ते चूकच. वाढीव कामाला ना फरशी, ना गिलावा, आणि पैसे पूर्ण दराने, तेही चूक. पण १७ लाख परत मागणं हेही हिशोबात बसत नाही.

निपाणीकर: नोटीस द्याच. आणि मराठीत द्या, आपल्या भागात आपण कन्नडमध्ये कशाला लिहायचं?

कुंदा_स्पेशल: बरोबर! १९५६ पासून हेच चाललंय.

टिळकवाडीचे_आजोबा: सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, तो या पोर्चवर सुटणार नाही. नोटीस त्याला वाचता येईल त्या भाषेत द्या. पुढे कोर्टाचं काम कन्नड किंवा इंग्रजीतच चालतं.

आता कामाचं. दुसऱ्या गवंड्याला हात लावू देण्याआधी सिव्हिल इंजिनीअरकडून मोजमाप घ्या, प्रत्येक भिंतीचे तारखेसह फोटो काढा. एकदा दुसऱ्याने गिलावा केला की पहिल्याने काय सोडलं होतं ते सिद्ध करताना दमछाक होते. रोख ४ लाखांचं काय? व्हॉट्सॲपवर त्याने "मिळाले" असं लिहिलेलं असेल तर फोन विकू नका, गप्पा पुसू नका. मग १५ दिवसांची मुदत देऊन नोटीस. तरी हलला नाही तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. घर बांधून देणं ही सेवाच धरतात. १० ते २० लाख दिले असतील तर फी ४०० रुपये, वकील लावायची सक्ती नाही. दोन वर्षांच्या आत तक्रार हवी. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून आधी विचारता येतं.

निपाणीकर: आयोगात तारखांवर तारखा. त्यापेक्षा खानापूर कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा, दावा लावण्याआधीच लोक अदालतीत मिटतं. फी नाही, आणि निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ.

टिळकवाडीचे_आजोबा: दोघांना मिटवायचं असेल तर. तो आलाच नाही तर?

लाल_माती: देवघर जिन्यावर नको. ईशान्येला असायला हवं.

मलप्रभाकाठ: (अकरा दिवसांनी) उशीर झाला, सॉरी. नोटीस नाही दिली. इंजिनीअर येणार आहे एवढाच मेसेज कंत्राटदाराला टाकला, तर सकाळी आठलाच हजर. टेपचं दुसरं टोक त्यानेच धरलं. इंजिनीअरने झालेलं काम वाढीव धरून १५ लाख ८० हजारांचं काढलंय, म्हणजे माझे १ लाख २० हजार त्याच्याकडे जास्त. तो म्हणतो तेवढ्यात बाहेरचा गिलावा करून देतो, पावसाआधी. इंजिनीअरने ते कागदावर घेतलंय, तारीख घालून. अडलंय पोर्चवर. तीन बाजू उघड्या, तर तो पूर्ण दर म्हणतो, मी निम्मा म्हणतो. तुमच्याकडे कसं धरतात?

स्लॅबवाला: आमच्याकडे निम्मा. पण आधी ठरवलं असेल तर.