करचुकवेगिरी की करबुडवेगिरी?

लेखणीबहाद्दर: आयकर खात्याच्या फिर्यादीचं मराठी करतोय. व्यापाऱ्याने विक्रीचा काही भाग वहीबाहेर ठेवलाय. १९६१ च्या कायद्याचं कलम २७६सी(१). मी 'करचुकवेगिरी' लिहिलं, वकिलांनी खोडून 'करबुडवेगिरी' केलं. चुकवेगिरीत म्हणे गुन्हा दिसत नाही.

रोजमेळ: पोटकलमं बघा. (१) म्हणजे उत्पन्न दडवून कर लागूच न देणं, (२) म्हणजे लागलेला कर न भरणं. बुडवतात ते ठरलेलं देणं: कर्ज, भाडं, उधारी. ज्याचा आकडाच खात्यापुढे आला नाही तो बुडणार कसा? त्या कायद्यात शिक्षाही वेगळी होती. (२) ला तीन महिने ते दोन वर्षं. (१) ला, चुकवू पाहिलेला कर २५ लाखांवर असेल तर, सहा महिने ते सात वर्षं सक्तमजुरी.

अनुस्वार: इतकं कोण बघतं? वर्तमानपत्रं दोन्ही शब्द एकाच अर्थाने छापतात. 'करचोरी' लिहा, मोकळे व्हा.

मोडीप्रेमी: ही हिंदीची उसनवारी कशाला? त्यांचं 'कर चुकाया' म्हणजे भरला, आपलं 'चुकवला' म्हणजे टाळला. घाईत भाषांतर केलं की प्रामाणिक माणूस आरोपी! आपल्या 'हिशेब चुकता केला'मध्ये मात्र फेडण्याचा अर्थ आहेच.

अनुस्वार: चोर संस्कृतातला. तो हिंदी कधी झाला?

रोजमेळ: शब्दाइतकाच आकडा जपा. २५ लाख हा कर आहे, दडवलेली विक्री नव्हे. भागीदारी फर्मला उपकरासह ३१.२ टक्के धरले तर साधारण ८० लाखांचं उत्पन्न दडायला हवं. उलाढालीला उत्पन्न म्हणू नका; खरेदीही वहीबाहेरची असेल तर विक्रीतला फक्त नफा धरा, यावरच बचाव पक्ष भांडतो.

लेखणीबहाद्दर: आणि वहीबाहेरच्या विक्रीच्या नोंदी असलेल्या 'कच्च्या चिठ्ठ्या'?

रोजमेळ: अवतरणात ठेवा. कच्चा हिशेब निर्दोष असतो. पक्क्या कीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, चढला की झालं. इथे तो चढलेलाच नाही. अशा चिठोऱ्यांचा वजनकाट्याच्या पावत्या नि ट्रान्सपोर्टच्या बिल्ट्यांशी (माल पाठवल्याच्या पावत्यांशी) ताळा घेतात. तारीख, गाडी नंबर, वजन जुळलं तर पुरावा भक्कम, नाहीतर कोर्टात लंगडा. अनेकदा शेवटची दोन शून्यं गाळलेली असतात: लिहायचं ४,५२०, वाचायचं ४,५२,०००. भाषांतरात ती शून्यं तुम्ही भरू नका.

मोडीप्रेमी: 'चिठोरा' नव्हे, 'चिटोरा'.

अनुस्वार: चिठ्ठीवरून चिठोराच.

मोडीप्रेमी: मग 'चिटोरं' म्हणणारा अर्धा महाराष्ट्र चुकीचा?