हेन्ड्रिक्सच्या स्मृतिदिनासाठी उजवा स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटार) डावखुरा कसा करायचा?

डावरा_वादक: १८ सप्टेंबरला डावखुऱ्या गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्सची गाणी वाजवायची आहेत. त्याच्यासारखाच उजवा स्ट्रॅटोकास्टर उलटा धरून तारा उलट्या क्रमाने लावल्या, पण जाडी ई तार नटवर (मानेच्या टोकाला तारांच्या खाचा असलेल्या पट्टीवर) उंच बसतेय.

नट_आणि_ब्रिज: बसणारच, ती खाच बारीक तारेची आहे. दुसऱ्या टोकाला बारीक ई रुंद खाचेत खडखडेल. जुना नट कोरू नका, डावखुरा नट बसवा. पट्ट्याचं बटण दुसऱ्या शिंगावर न्या, नाहीतर गिटार तोल सोडते. इंटोनेशन (मानेवर वर-खाली सूर नेमका राहणं) प्रत्येक तारेचं नव्याने, बाराव्या पट्टीवर तपासून.

तरफवाला: हेन्ड्रिक्स गिटार बहुधा अर्धा स्वर खाली लावायचा. तसं केलंत की ताण घटतो आणि तरंगता ब्रिज (तारा अडकवलेला, तरफेने हलणारा भाग) स्प्रिंगांमुळे खाली बसतो. मागच्या क्लॉचे (स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे) दोन्ही स्क्रू पाव-पाव फेरा सैल करा, परत सुरात लावा, मग पुन्हा बघा. पिकअप (तारांचा आवाज टिपणारे चुंबक) मात्र बदलू नका! ब्रिजपाशी उलटा झालेला तिरकेपणा हा त्याच्या आवाजाचाच भाग आहे.

सहावी_तार: सिएटलला कुणी जाणार असेल तर हेन्ड्रिक्सची समाधी शहरात नाही, शेजारच्या रेंटनमध्ये ग्रीनवूड स्मशानभूमीत आहे. चाहते तिथे फुलं, पिक ठेवतात. गुडघे टेकून वाजवणारा त्याचा पुतळा सिएटलमधल्याच कॅपिटल हिल भागात, ब्रॉडवे रस्त्यावर.