मदत हवी आहे : नाइट व्हिजन गॉगल हाती नसताना त्याचे अनुकरण कसे करावे?

नमस्कार. छत्रपती संभाजीनगर येथे पदव्युत्तर प्रबंधासाठी मी नाइट व्हिजन गॉगल घालून चालणाऱ्याचा अंतराचा अंदाज का चुकतो, याचा अभ्यास करीत आहे. बहुतेक गॉगलांचे दृष्टिक्षेत्र सुमारे ४० अंश असते. शिवाय अंधुक उजेड वाढवून दाखविणाऱ्या एकाच नळीचे चित्र दोन्ही डोळ्यांना दाखविणाऱ्या रचनेत, दोन डोळ्यांच्या दृश्यांतील फरकावरून होणारी खोलीची जाणीवच नाहीशी होते. खरे उपकरण मिळणे शक्य नाही, आणि स्वस्त डिजिटल दुर्बिणी स्वतःचा अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) दिवा लावून दृश्य उजळत असल्याने येथे निरुपयोगी आहेत.

पुठ्ठ्याच्या नळ्यांनी ४० अंशांची मर्यादा घालून मुरमाच्या वाटेवर स्वयंसेवकांच्या चाचण्या घेतल्या आहेत. त्यातून दृष्टिक्षेत्राचा परिणाम कळतो. परंतु केवळ ताऱ्यांच्या उजेडात, म्हणजे साधारण ०.००१ लक्स (उजेड मोजण्याचे एकक) इतक्या प्रकाशात, फोटॉन म्हणजे प्रकाशकण अपुरे पडल्याने चित्रात दिसणारी लुकलुक आणि धूसरपणा त्यात येत नाही. म्हणून चित्रफितीत प्वासाँ वितरणानुसार (प्रकाशकणांच्या संख्येतील यादृच्छिक चढउतार सांगणाऱ्या संख्याशास्त्रीय सूत्रानुसार) गोंगाट, म्हणजे लुकलुकणारे ठिपके, मिसळून ती डोळ्यांवर बांधायच्या व्हीआर हेडसेटवर दाखविण्याचा विचार आहे. हेडसेटचे स्वतःचे रिझोल्यूशन मर्यादित आहे, ही अडचण मला ठाऊक आहे. महागडा हेडसेट घेता येणार नाही.

या गोंगाटाचे व धूसरपणाचे प्रमाण गॉगलमधील नळीच्या सिग्नल-गोंगाट गुणोत्तरावरून (खरे चित्र गोंगाटाच्या किती पट ठळक आहे, यावरून) ठरवावे, की स्वयंसेवकांची दृष्टितीक्ष्णता रेघांच्या जाळीवर मोजून त्यावरून जुळवून घ्यावे?