तिथल्याच माणसाचं काय?

एका दादांनी लिहिलंय की युद्धाच्या बातम्या परदेशी वार्ताहर जीव धोक्यात घालून आणतात. खरं आहे, पण काम संपलं की ते विमानानं घरी जातात. तिथल्याच माणसानं कुठं जायचं?

काबूलचे शाह मराई बघा. १९९६ मध्ये एएफपी या फ्रेंच वृत्तसंस्थेत ड्रायव्हर म्हणून लागले, गाडी चालवता चालवता फोटो काढायला लागले आणि पुढे तिथले मुख्य छायाचित्रकार झाले. ३० एप्रिल २०१८ ला काबूलमध्ये स्फोट झाला. पत्रकार धावत गेले, आणि दुसरा हल्लेखोर पत्रकार असल्याचं भासवून त्यांच्यातच घुसला. नऊ पत्रकार गेले. मराई त्यातलेच.

२०१९ च्या महापुरात आमच्या शिरोळकडचा एक वार्ताहर मी पाहिलाय. छातीभर पाणी, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून डोक्यावर धरलेला. त्याचं स्वतःचं घर पाण्यात होतं, तरी गडी बातमी द्यायला निघालेला. माझ्या पोटात गोळा आला होता. पण पूर ओसरला, तो घरी गेला. मराईंनी दोन दशकं त्याच शहरात संसार केला आणि तिथलेच स्फोट टिपले. ते गेले तेव्हा घरी नुकतीच जन्मलेली लेक होती.