अर्धपारदर्शक की पारभासी?

प्रश्न : दुधी काच, मेण, तेल लागलेला कागद यांना शालेय पुस्तकांत 'अर्धपारदर्शक' म्हणतात, अन्यत्र 'पारभासी' असा शब्द आढळतो. हे दोन्ही समानार्थी मानावेत का?

उत्तर : मानू नयेत, असे माझे मत आहे. 'अर्ध' म्हटले की प्रकाश किती पार गेला, असा प्रमाणाचा विचार मनात येतो. येथे खरा प्रश्न दिशेचा आहे. गडद गॉगलच्या काचेतून थोडाच प्रकाश पार जातो, तरी पलीकडचे झाड रेखीव दिसते, म्हणून ती काच पारदर्शकच होय. उलट न्हाणीघराच्या खिडकीला लावलेल्या दुधी काचेतून भरपूर उजेड आत येतो, पण खरखरीत पृष्ठभागावर किरण निरनिराळ्या दिशांना वळत असल्यामुळे पलीकडच्या वस्तूचा आकार पुसला जातो. मेणात आणि संगमरवरात ही विखुरण पृष्ठभागाखाली होते, आणि आत शिरलेला किरण अनेकदा वळत वळत थोड्या अंतरावर भलत्याच दिशेने बाहेर पडतो. दुधात हे काम स्निग्धांशाचे गोलक व केसीन या दुधातील प्रथिनाचे कण करतात. (साय काढलेले दूध निळसर दिसते, कारण मागे उरलेले केसीनचे बारीक कण निळा प्रकाश अधिक विखुरतात.) 'अर्धपारदर्शक' हा शब्द मी प्रकाशाचा काही भाग परावर्तित करून उरलेला सरळ पार जाऊ देणाऱ्या आरशासाठी राखून ठेवीन.

शंका : पण कोरा कागदही प्रकाश विखुरतोच, मग तो तेल लागल्यावरच पारभासी का होतो?

उत्तर : शंका रास्त आहे. कागदाचे तंतू आणि त्यांमधील हवा यांच्या अपवर्तनांकांत (माध्यमात शिरताना प्रकाश किती वळतो हे सांगणाऱ्या अंकांत) मोठा फरक असल्याने विखुरण इतकी होते की बहुतेक प्रकाश मागेच फिरतो. तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.४७, म्हणजे तंतूंच्या सुमारे १.५ या अंकाच्या जवळचा असतो. हवेची जागा तेलाने घेतली की विखुरण घटते आणि उजेड पलीकडे पोचतो. त्यामुळे 'पारभासी'च्या व्याख्येत प्रकाश विखुरतो एवढेच लिहून भागणार नाही, तो विखुरला जाऊनही पुरेसा पार जातो हेही लिहावे लागेल.

पुरवणी : विखुरण्याला मराठी पाठ्यपुस्तके 'विकिरण' म्हणतात. हिंदीत मात्र 'विकिरण' म्हणजे आपले 'प्रारण' (ऊर्जा लहरींच्या किंवा कणांच्या रूपात बाहेर पडणे), आणि विखुरण्याला तेथे 'प्रकीर्णन' म्हणतात. हिंदीवरून मजकूर घेणाऱ्यांनी एवढे तपासून घ्यावे.