डायाकॅमा मुंग्यांची छोटी वसाहत ठेवलीय, राणी दिसत नाही आणि पाऊस सुरू आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी गोव्यात फोंड्याजवळ राहते. आमच्या परसातला जुना चिऱ्यांचा गडगा पाडून तिथे कंपाउंड वॉल घालायचं काम निघालं आणि त्याच्या खाली मोठ्या काळ्या मुंग्यांचं घर सापडलं. बिळाच्या तोंडाशी सुकी पानं, कोंबडीची पिसं असलं काय काय रचून ठेवलेलं. त्याच्यावर काँक्रीट पडणार होतं म्हणून मी माती खणून मुंग्या, अळ्या, तपकिरी कोश, अंडी सगळं हलक्या हाताने डब्यात घेतलं. पन्नास-साठ मुंग्या तरी असतील.

मुंगी साधारण एक सेंटीमीटरची, काळी, जरा राखाडी झाक, आणि भिंगातून बघितलं तर डोक्यावर आणि छातीवर बोटाच्या ठशासारख्या बारीक रेघा. रांग करून फिरत नाहीत, एकेकटी बाहेर पडते, आणि डंख मारते (आईला मारला, बराच वेळ ठणकत होतं). फोटो ताडून बघितले तर डायाकॅमा.

आता डब्याशेजारी मोठी टेस्ट ट्यूब ठेवलीय, मागे पाणी, मध्ये कापूस, वरून लाल जिलेटिन पेपर. डब्यावर उजेड ठेवला तर आपणहून शिफ्ट झाल्या आणि ते बघण्यासारखं होतं. पुढे एक मुंगी, मागे दुसरी, मागची मिशांनी पुढचीच्या पोटाला टेकत टेकत चालते, मागे पडली की पुढची थांबते, ती परत येऊन टेकली की मगच निघते. तिला ट्यूबमध्ये पोचवली की परत डब्यात, पुढची घ्यायला. असं एकेक करत सगळं घर हललं, अळ्या आणि कोश तोंडात धरून.

माझी खरी काळजी राणीची आहे. वाचलंय की डायाकॅमाला राणी नसतेच, कामकऱ्यांतलीच एक अंडी घालते. मग ती माझ्याकडे आलीय की गडग्याखालीच राहिली हे ओळखायचं कसं? आणि ती नसेल तर यांना अडकवून ठेवणं मला बरोबर वाटत नाही, सोडायच्या तर कुठे सोडू? शिवाय कापसाला बुरशी धरायला लागलीय, मध पाण्यात घालून दिला तर थोडा घेतात पण उकडलेल्या अंड्याला तोंड लावत नाहीत, आणि गणेश चवथीआधी घर रंगवायला काढणार आहेत. कोणी ठेवल्यात का या मुंग्या? प्लीज सांगा.

प्रतिसाद:
मी साखळी गावात राहतो आणि याच मुंग्या ठेवतो, म्हणून सविस्तर लिहितो. राणी शोधत बसू नका, ती नाहीच. कोशातून नवीन निघालेल्या प्रत्येक मुंगीच्या छातीवर दोन बाजूंना दोन बारीक कोंब असतात, त्यांना गेम्मा म्हणतात. अंडी घालणारी मुंगी नव्या मुंग्यांचे हे कोंब चावून तोडते आणि ज्यांचे तुटले त्या पुढे नराशी जुगत नाहीत. कोंब शाबूत असलेली जुनी, पूर्ण काळी मुंगी दिसली तर तीच तुमची. नवीन निघालेली रंगाने फिकट असते, तिच्यावरून ठरवू नका. भिंग दहापट तरी हवं. एवढं करून दिसली नाही तर कोश फुटेपर्यंत थांबा, निघालेल्यांचे कोंब लगेच गेले तर बहुतेक ती आत आहे. राहिले तर बहुतेक ती मागे राहिली. तिच्याशिवाय बाकीच्या अंडी घालतील पण फळलेली नसल्याने त्यातून फक्त नर होतील, म्हणजे वसाहत पुढे वाढत नाही. तसं झालं तर सोडा, पण लांब कुळागरात (सुपारीच्या बागेत) वगैरे नेऊ नका, तिथे दुसऱ्यांची वस्ती असते. तुमच्याच परसात काम नसलेल्या बाजूला, सावलीत, दगडाच्या आडोशाला.

त्या जोडीने घर बदलण्यावर कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत बराच अभ्यास झालाय, वेळ मिळाला तर शोधून वाचा.

पन्नासना ट्यूब अपुरी. प्लास्टर ऑफ पॅरिसचं उथळ घर करा आणि एकच कोपरा ओला ठेवा, पावसात आपल्याकडे हवाच इतकी दमट की रोज पाणी घालायची गरज नाही. बुरशीचा कापूस ओढून काढू नका, शेजारी नवी ट्यूब काळोखात ठेवा, त्या जातील. डबा पाणी घातलेल्या परातीत ठेवा नाहीतर घरातल्या बारीक मुंग्या शिरून अळ्या पळवतील. झाकणाला बारीक जाळी.

खाणं म्हणजे वाळवी. परसातलं कुजकं लाकूड उलटं केलं की मिळते, जिवंतच टाका, लगेच उचलतात. अळ्यांना प्रोटीन लागतं, मध मोठ्यांसाठी, आणि तोही फॉईलवर एखादा थेंब नाहीतर पाय चिकटतात. उरलेलं त्याच दिवशी काढा. औषध मारलेलं झुरळ कधीच देऊ नका.

रंगकामाच्या वेळी सरळ शेजारी नेऊन ठेवा. पण तिथे संध्याकाळी मच्छर कॉईल किंवा लिक्विड लावतात का ते आधी विचारा, त्यातलं औषध किडे मारायचंच असतं आणि बंद खोलीत मुंग्या त्याने मरतात.